नऊ पॉइंट बत्तीस

"नऊ पॉइंट बत्तीस? मानोऱ्यात पृथ्वी हलकी झाली काय वं संगीता?" इंगोले सर म्हनले, आन सारी लॅब फिदीफिदी हसाले लागली.

माह्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. माहं डोकं लवकर तापते, हे पहिलेच सांगून ठेवते. याडी, म्हंजे माही माय, म्हनते का या पोरीच्या नाकावर चुलीतला इंगळ ठेवेल हाय. घरी तांड्यावर आमी गोरमाटीत, म्हंजे आमच्या बंजारा बोलीत, बोलतो. ते तुमाले समजनार नाही, म्हनून सारं मराठीत सांगून राह्यली.

त गोष्ट अशी. मी मानोऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाले. त्या दिवशी पेंडुलमचा प्रयोग होता. दोऱ्याले लोखंडी गोळा बांधाचा, झुलवाचा, वीस झोके व्हायले किती सेकंद लागले ते पाहाचं, दोरा किती लांब ते पट्टीनं मोजाचं, आन त्याच्यावरून जी काढाचा. जी म्हंजे वरून सोडलेली वस्तू खाली पडताना तिचा वेग दर सेकंदाले जेवढा वाढते तो आकडा. नऊ पॉइंट आठ. पुस्तकात छापेल हाय. झोपेतून उठवून इचारलं तरी आमच्या वर्गातलं कोनीबी सांगन.

आन इथंच आमच्या कॉलेजातली गंमत हाय. कोनी गोळा झुलवतच नाही. उत्तर मालूमच हाय, मंग हात कायले दुखवाचे? खाली नऊ पॉइंट आठ लिहाचं, तिथून उलटं वर चढाचं, लांबी मनानं धराची, सेकंद कॅल्क्युलेटरवर काढाचे, आन शेवटचा आकडा थोडा इकडं-तिकडं हालवाचा म्हंजे खरं वाटते. याले आमी रीडिंग बसवनं म्हनतो. सिनिअर ज्युनिअरले शिकवते. माही पार्टनर अंजू, भाजीवाल्या भगवंतरावची पोरगी, याच्यात लय हुशार. तिनं बसवेल रीडिंग पाहून सर खुश होऊन जाते.

पन त्या दिवशी अंजू आली नव्हती, तिच्या घरी वांग्याची तोड होती. आन मले उलटं गनित जमत नाही, डोक्शात गुंता होते. म्हनून मी सरळ केलं. गोळा झुलवला, मोजलं, मांडलं. निघालं नऊ पॉइंट बत्तीस.

"तुले मोजता येत नाही," सर म्हनले. "पुन्हा कर."

मोजन्याची गोष्ट निघाली का माहं रगत उकळते, त्याचं कारन सांगते. मले पोलीस व्हायचं हाय. लहानपनी आमी ऊसतोडीले जाऊन राह्यलो होतो, त रस्त्यात एका वर्दीतल्या बाईनं आमचा ट्रक थांबवला. मुकादम खाली उतरला आन तिच्यासमोर हात जोडून उभा राह्यला. आमच्या मुकादमाले हात जोडता येते हे मले तवा समजलं. त्या दिवसापासून मले दुसरं काही सुचलंच नाही. रोज पहाटे तांड्यापासून फाट्यालोक पळत जाची आन पळत याची. लोक म्हनत, हेमलाची पोरगी येडी झाली.

कॉलेजात मदनसिंग सर भरतीचा सराव घेते. फौजेतून आलेले, आमच्याच समाजाचे, आवाज असा का झाडावरचे पाखरं उडून जाते. पावसाळा सरताना त्यायनं मैदानाजवळच्या खोलीत भिंतीवर रंगानं सेंटिमीटरचे आकडे टाकले आन एकेकाले भिंतीशी उभं केलं. पोरीले एकशे पंचावन्न पाह्यजे. मी भरली एकशे पन्नास. मी एकटीच नाही. तांड्यावरच्या जवळपास साऱ्या पोरी कमी भरल्या, अर्धे पोरंबी. उदयसिंग नावाचा एक पोरगा म्हनला, "सर, पहिले दुसरीकडं मोजलं त मी एकशे सत्तर होतो, इथं एकशे बासष्ट कसा झालो?" सर म्हनले, "तिकडं बूट घालून मोजलं असन." सारे हसले. मीबी हसली.

सराव बंद. फॉर्मबी भरू नको म्हनले, ग्राउंडवर पहिल्याच टेबलावरून वापस येशीन. वरून मदनसिंग सर आमच्या घरी आले आन माह्या बाले समजावून सांगतलं. "हेमलाभाऊ, पोरगी वाऱ्यासारखी पळते, पन हाइट नाही. लहानपनी खायले भेटलं नसन बरोबर. उसाच्या फडात वाढलेल्या लेकरायचं असंच होते." सर मनानं वाईट नाही. त्यायले वाटलं का आपन समजूत काढून राह्यलो.  बानं हातातली इडी इझवली आन गोठ्याकडं गेला.

त्या वर्षी बा ऊसतोडीले गेला नाही. गुडघा दुखते म्हनला. गुडघा काही दुखत नव्हता, हे याडीलेबी मालूम होतं आन मलेबी. रोज सकाळी माह्या लहान भावासमोर दुधाचा गिलास ठेवाचा आन तो पेईपर्यंत तिथंच उभा राहाचा. आन माह्याकडं पाहून बोलनं त्यानं जवळपास सोडलंच. बोलला तरी माह्या पायाकडं पाहून बोले. मले लय राग ये. अरे, बुटकी मी हाय ना, मंग तू कायले मान खाली घालतं?

आता तुमाले समजलं असन का "तुले मोजता येत नाही" हे आयकून माह्या डोक्शात काय झालं. त्यात फॉर्मची शेवटची तारीख परवावर येऊन ठेपली होती. साऱ्या तालुक्यातले पोरंपोरी ऑनलाइनवाल्याकडं लाइन लावून उभे, आन मी इथं गोळा झुलवून राह्यली.

मी दात खाऊन पुन्हा केलं. नऊ पॉइंट एकतीस.

"गोळ्याची त्रिज्या धरली काय लांबीत?"

"धरली सर."

"झोका मोठा घेतला असशीन."

"नाही सर. एवढुसाक घेतला."

"सरक," सर म्हनले, आन सोता स्टुलावर बसले. मले मनातून मजा वाटली. आता पाहू, म्हनलं, तुमचा पेंडुलम काय बोलते त. सरायनं पंखा बंद केला, दोरा पुन्हा बांधला, डोळे बारीक करून झोके मोजले. एकदा. मंग अजून एकदा. कॅल्क्युलेटरवर बोटं चालले, थांबले, त्यायनं ते पुसून पुन्हा केलं. लॅबमधलं हसनं कवा बंद झालं ते समजलंच नाही.

"किती आला सर?" मांगून कोनीतरी इचारलं.

 सरायनं कपाळावरचा घाम पुसला. पंखा बंद होता हे खरं, पन माघाचा महिना होता, घाम येन्यासारखं काही नव्हतं.

"नऊ पॉइंट बत्तीस," ते हळूच म्हनले.

बाप्पा!  मी चुकली असती त बरं झालं असतं, असं वाटून गेलं. सर फळ्याजवळ गेले आन सोताशीच बोलल्यासारखं बोलाले लागले. लहान जी, म्हंजे आपन काढला तोच आकडा, जागेनुसार थोडाफार बदलते, ते ठीक. ध्रुवावर जास्त, विषुववृत्तावर कमी, डोंगरावर थोडा अजून कमी. पन तो फरक कुठं? पॉइंटच्या पुढं दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यात. आपल्याकडं नऊ पॉइंट सात आठ म्हना. नऊ पॉइंट तीन? या लहान जीच्या मांगं मोठा जी उभा हाय, गुरुत्वाकर्षनाचा. त्यायनं तो फळ्यावर लिहिला, सहा पॉइंट सहा सात गुनिले दहाचा उने अकरावा घात.

"हा बदलत नाही," सर म्हनले. "हा मानोऱ्यातबी हाच, मुंबईतबी हाच, चंद्रावरबी हाच. प्रकाशाचा वेग घ्या, इलेक्ट्रॉनवरचा भार घ्या, हे आकडे कोन्या सरकारचे नाही का जीआर निघाला आन बदलले. मंग चुकलं काय? पृथ्वीचं वजन कमी झालं? का पृथ्वी फुगली?"

त्यायनं मोठ्या जीले पृथ्वीच्या वजनानं गुनलं, नऊ पॉइंट बत्तीसनं भागलं, वर्गमूळ काढलं, त्याच्यातून पृथ्वीची त्रिज्या वजा केली आन खडू खाली ठेवला. "नऊ पॉइंट बत्तीस पाह्यजे असन त जमिनीपासून दीडशे किलोमीटरच्या वर जा लागते. मले सांगा, आपलं कॉलेज काय आभाळात हाय?"

कोनी हसलं नाही. मी खिडकीतून पाह्यलं त बाहेर बोरीचं झाड होतं, शिपाई सायकल पुसून राह्यला होता. जमिनीवरच होतो आमी. पन तेवढा वेळ मले खरंच वाटलं का पायाखालचं काहीतरी सुटलं हाय.

"घड्याळ," मी म्हनलं. "घड्याळ पाहा सर."

स्टॉपवॉच आन सरायचा मोबाइल सोबत सुरू केले, सोबत बंद केले. दोन्ही बरोबर. आता राह्यलं काय? झोके मोजले, सेकंद मोजले, राह्यला दोरा. आन दोरा मोजला पट्टीनं.

सरायनं ड्रॉवरमधून स्टीलची लहान पट्टी काढली, पंधरा सेंटिमीटरची, आन लॅबच्या मीटरच्या पट्टीवर आडवी ठेवली. शून्यावर शून्य. मी वाकून पाह्यलं. स्टीलचे पंधरा जिथं संपले तिथं मोठ्या पट्टीवर चौदाच्या थोडं पुढंच आलं होतं.

"अरे देवा," सर म्हनले.

मले एकदम काही समजलं नाही. मंग सरायनं सांगतलं. दोन वर्षाआधी लॅबच्या लाकडी पट्ट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. नव्याची मागनी अडकून पडली. मंग कोनाच्या तरी डोक्शातून निघालं का सुताराकडून लाकडाच्या पट्ट्या कापून आनू आन फ्लेक्सच्या दुकानातून सेंटिमीटर छापून त्याच्यावर चिकटवून घेऊ. सुतारानं अंदाजानं कापल्या, मीटरपेक्षा थोड्या लांब. आन फ्लेक्सवाल्यानं काय करावं? वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊचा फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यालोक ओढून बसवते ना, तसे शंभर सेंटिमीटर लाकडाच्या मापानं ओढून बसवून देले. त्याच्या हिशोबानं काम एकदम फिट. एकशे पाच सेंटिमीटरचा मीटर! एकेक सेंटिमीटरच लांब, म्हनून जे मोजलं ते कमी भरे.

"दोन वर्षं," सर म्हनले. "दोन वर्षं या पट्टीनं शेकडो पोरायनं प्रयोग केला, आन साऱ्यायचा जी नऊ पॉइंट आठ?"

सारे खाली पाहाले लागले. कोनी पेनाचं टोपन चावून राह्यलं होतं. सरबी पुढं काही बोलले नाही, कारन बोलाले गेलं त गोष्ट त्यायच्याबी आंगावर येत होती. साऱ्या वह्यायवर लाल पेनानं सही कोनाची होती?

मी मात्र त्या पट्टीकडं पाहून राह्यली होती. तिच्या एका टोकाले निळ्या ऑइल पेंटचा डाग होता. मले तो डाग ओळखू आला.

"सर," मी म्हनलं, "ही पट्टी मदनसिंग सरानं नेली होती. भिंतीवर उंचीचे आकडे टाकाले. मीच नेऊन देली होती."

"मंग?"

"मंग काय सर! भिंत याच पट्टीनं आखली!"

 मी फळ्याजवळ गेली, खडू घेतला.  एकशे पन्नास गुनिले एक पॉइंट शून्य पाच. एकशे साडेसत्तावन. मी पुन्हा केलं. एकशे साडेसत्तावन. उलटंबी करून पाह्यलं, त्या दिवशी मले उलटंबी जमलं. एकशे साडेसत्तावन.

मी बुटकी नव्हती. अरे, मी बुटकी नव्हतीच!

आनंद झाला असन, असं तुमाले वाटन. नाही झाला. पहिले असा राग आला का डोळ्यासमोर अंधारी आली. या लॅबमधी पृथ्वीले कमी म्हनाची कोनाची हिंमत झाली नाही. साऱ्यायनं आकडे वाकवले, सेकंद वाकवले, पन पृथ्वीचा आकडा जसाच्या तसा ठेवला. आन त्याच पट्टीनं आमाले कमी ठरवलं तवा कोनाच्या डोक्शात साधा संशय आला नाही. तांड्यावरचे हाय ना, मंग बुटकेच असनार. खायले भेटलं नसन. आमीबी मान हालवली. मी सोता मान हालवली.

"संगीता, आयक," इंगोले सर आवाज खाली करून म्हनले. "पुढच्या आठवड्यात परीक्षा हाय, बाहेरचे सर येनार हाय. आता बोभाटा नको करू. परीक्षा होऊ दे, मंग पट्ट्या गुपचूप बदलून टाकू."

"परीक्षा पुढच्या आठवड्यात हाय सर. फॉर्मची तारीख परवा हाय."

मी पट्टी उचलली आन निघाली. मांगून सर "अवं, पट्टी कुठं नेतं?" म्हनले, पन त्यायच्या आवाजात काही दम नव्हता.

मदनसिंग सर मैदानावर पोरायले पळवून राह्यले होते. मले पट्टी घेऊन येताना पाहून त्यायले वाटलं का मी कोनाले मारालेच निघाली. मी धापा टाकत सारं सांगतलं. पेंडुलम, जी, फ्लेक्सवाला, सारं एका दमात. त्यायनं शांतपने आयकून घेतलं आन म्हनले, "हे पाय बेटा, भरती नाही झाली त वाईट वाटते. पन भिंतीले खोटं पाडून उंची वाढत नाही."

"भिंतच खोटी हाय सर."

"कोन म्हनते?"

"पृथ्वी म्हनते."

सरायच्या मिशा हालल्या. हसावं का रागवावं, त्यायले समजत नव्हतं. "पृथ्वी म्हनते! दिमाग ठिकाने पे है?"

"सर, तुमची उंची किती?" मी इचारलं.

"एकशे बहात्तर. फौजेत दर वर्षी मोजली हाय."

"मंग उभे राहा भिंतीशी."

दुसऱ्या कोन्या पोरीनं असं म्हनलं असतं त त्यायनं मैदानाले दहा चक्कर मारायले लावले असते. पन माह्या तोंडाकडं त्यायनं एकदा पाह्यलं. खोलीत आले, बूट काढले, टाचा भिंतीले टेकवल्या, छाती काढून उभे राह्यले. तिथं इतक्या पोरायले मोजलं, पन सोता उभं राहाची त्यायले कवा गरजच पडली नव्हती. मी त्यायच्या डोक्शावर वही आडवी धरली. पेनानं रेघ मारली. "आता पाहा."

ते वळले. एकशे चौसष्टच्या आकड्याले रेघ भिडलीबी नव्हती.

 मदनसिंग सरायनं बोटानं रेघ पुसून पाह्यली, जशी का पुसली म्हंजे वर सरकन. मंग खाली बसले, तसेच, फरशीवर, मोज्यानं. 

"देवलाची पोरगी," ते कमी भरलेले एकेक पोरं आठवत म्हनले. "हेमसिंगचे दोघं भाऊ. उदयसिंग... उदयसिंग बोलला होता ना वं मले? एकशे सत्तर म्हनला होता."

"हाव सर."

"मी बुटाची मजाक केली."

  आतालोक राग होता तो अंगातून कुठं गेला कोनाले मालूम, नुसती भीती वाटाले लागली. एवढे जनं. या एकाच हंगामातले. त्यातले कितीक आता ऊसतोडीवर असन, कितीक पोरीयचे लग्न होऊन गेले असन, त्यायनंबी घरी जाऊन सांगतलं असन का आपली उंचीच नाही.

सरायनं मोबाइल काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला. उदयसिंगनं कोल्हापूरकडच्या कोन्या फडातून उचलला. मांगं ट्रॅक्टरचा आवाज होता. "उदयसिंग, मदनसिंग सर बोलतो. आयक, तू एकशे सत्तरच हायेस. माही भिंत चुकली. आजच्या आज तिथूनच फॉर्म भर."  मंग उदयसिंग म्हनला, "सर, मजाक करून राह्यले काय?"  सरायनं मोबाइल माह्या हातात देला आन तोंडावर रुमाल धरला. मीच सांगतलं त्याले सारं. त्याले पेंडुलम काही समजला नाही. त्यानं फक्त एवढंच इचारलं का जवळ ऑनलाइनवाला कुठं भेटन.

माहा फॉर्म मदनसिंग सरायनंच सोबत येऊन भरून देला. ऑनलाइनवाल्यानं उंची इचारली तवा मी म्हनलं, "एकशे साडेसत्तावन." असं म्हनताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. घरी गेल्याबिगर मलेच खरं वाटनार नव्हतं.

तांड्यावर पोचली तवा दिवस अजून होता. बा अंगनात हरभऱ्याचे घाटे झोडपून राह्यला होता. याडी चुलीजवळ. मी दप्तर फेकलं आन म्हनलं, "याडी, टेप काढ." याडीजवळ झंपर शिवाचा कापडाचा टेप हाय. ती म्हनली, "काहून वं? काय झालं?" मी म्हनलं, "पहिले काढ. मोज मले. तूच मोज."

दाराच्या चौकटीशी टाचा टेकवून उभी राह्यली. शेजारपाजारच्या बाया जमल्या. याडीनं टेपचं एक टोक माह्या टाचेशी पायानं दाबून धरलं आन टेप वर ओढत आली. तो टेप दीडशे सेंटिमीटरचा. माह्या कपाळालोक आला आन संपला. त्याच्या वर मी अजून बाकी होती. याडीनं चार बोटं आडवे ठेवले, तरी टाळू झाकली नाही.

"अवं माय!" याडी म्हनली. "हे कसं?"

मंग मी सांगतलं. पट्टी कशी लांब होती, भिंत कशी चुकली, फौजी सर फरशीवर कसे बसले. इंगोले सरायची नक्कल करून दाखवली, पृथ्वी फुगली काय म्हनून. बाया तोंडावर पदर धरून हसल्या. याडी रडून राह्यली का हसून राह्यली काही समजत नव्हतं. "फॉर्म भरला ना? भरला ना?" एवढंच इचारे, आन मी हाव म्हनलं तरी पुन्हा इचारे.

बा कवा उठून आला ते मले दिसलंच नाही. हातात काठी तशीच, केसात भुसा. किती महिन्यानं तो माह्या तोंडाकडं पाहत होता. चौकटीवर जिथं याडीनं नखानं खूण केली होती तिथं त्यानं अंगठा ठेवला, मंग माह्या डोक्शाकडं पाह्यलं, मंग पुन्हा खुनेकडं.

"म्हंजे तू वाढली बरोबर?" त्यानं इचारलं.

"हाव बा. फॉर्मबी भरला. आता ग्राउंडची तयारी."

त्याले फॉर्मचं काही नव्हतं. त्यानं मान हालवली. मंग एकदम लहान लेकरासारखा म्हनला, "मंग मी तुले उपाशी नव्हतं ठेवलं?"

  फडातले ते दिवस मले आठवत नव्हते असं नाही. याडी माह्याकडं पाहत होती, तिलेबी आठवत होते.

"नाही बा," मी मोठ्यानं म्हनलं, साऱ्यायले आयकू जाईन असं. "पोटभर खाल्लं मी."

बा खाली बसला, काठी बाजूले ठेवली, आन साऱ्या बायांसमोर ढसाढसा रडाले लागला.